गाणं, ताल, नाच आणि आपलं शरीर: नागपूरकरांकडून सतत येणारे प्रश्न

मी फिजिओथेरपी करते आणि गणपतीच्या दिवसांत पथकात ताशा वाजवते, त्यामुळे दोन्हीकडचे लोक मलाच मेसेज टाकतात. पेशंटच्या घरचे विचारतात गाण्याने बाबांना फरक पडेल का, पथकातली पोट्टी विचारते ताई कानात शिट्टी काऊन वाजून राहिली. तेच प्रश्न फिरून फिरून येतात म्हणून एका जागी लिहिले. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जातो तिथे नंबर दिलाय. माझं मत आधीच सांगून टाकते: गाणं नुसतं कानावर पडू देण्यापेक्षा स्वतः गायलात, टाळी दिलीत, पाय हलवलेत तर जास्त मिळतं, आणि चार जणांसोबत केलंत तर अजून जास्त.

१. गाणं ऐकलं की मेंदूत नेमकं होतं काय? सोप्या भाषेत सांगा ना.

आवाज म्हणजे हवेतली थरथर. ती कानाच्या पडद्यावर आपटते, तीन बारीक हाडांतून आत शंखासारख्या नळीत जाते, तिथल्या केसपेशी तिची वीज करतात आणि ती नसेतून कानशिलाच्या आतल्या ऐकण्याच्या भागात पोचते. इथपर्यंत हॉर्न काय आणि सतार काय, सारखंच. गंमत पुढे आहे. ताल हलण्याच्या भागांना जागं करतो, तुम्ही खुर्चीत गप्प बसला असाल तरी. सूर भावनांच्या भागापर्यंत जातो, ओळखीची चाल आठवणींना हात घालते, आणि पुढे काय येणार याचा अंदाज मेंदू सारखा बांधत असतो. म्हणून "संगीताचं केंद्र" असा एकच कोपरा मेंदूत नाही. उजवा मेंदू कलेचा आणि डावा गणिताचा हे जे फॉरवर्ड फिरतं ना, ते सोडून द्या, गाण्याला दोन्ही बाजू लागतात.

२. ताल सुरू झाला की पाय आपोआप का हलतो? मी तर नाचणाऱ्यातला नाही.

कारण ठेका ओळखायचं काम मेंदू हलण्याच्याच यंत्रणेकडून करून घेतो. बेसल गँग्लिया नावाचा खोल भाग आहे आणि वर पुढच्या बाजूला हालचाल ठरवणारा भाग आहे, नुसता ठेका ऐकतानाही हे दोन्ही कामाला लागतात. नीट बघा, तुमचा पाय मात्रा ऐकून मग पडत नाही, मात्रेच्या बरोबर पडतो, म्हणजे ती कधी येणार हे आतून आधीच मोजलेलं असतं. हे शिकवावं लागतं असंही दिसत नाही. २००९ मध्ये दोन-तीन दिवसांच्या बाळांना झोपेत ठेका ऐकवला आणि मधेच त्यातली मुख्य मात्रा गाळली, तर बाळांच्या मेंदूच्या लहरींत "काहीतरी चुकलं" अशी खूण उमटली. त्यामुळे मला नाचता येत नाही म्हणणाऱ्याला मी एवढंच सांगते की स्टेप येत नसतील, ठेका आहे.

अगदी थोड्या लोकांना खरंच ठेका पकडताच येत नाही, काहींना सूर वर गेला की खाली आला हे कळत नाही. हा जन्मजात फरक आहे, आळस नाही, आणि अशा पोराला गाण्याच्या तासाला रागावून काहीच हाती लागत नाही.

३. आमचा पोपट गाण्यावर डोलतो. खरंच त्याला ताल कळतो का?

कळत असेल. अमेरिकेत स्नोबॉल नावाचा एक काकाकुवा आहे, त्याला ऐकवलेल्या गाण्याची लय कमी-जास्त केली तर त्यानेही काही प्रमाणात आपली लय बदलली, ते २००९ मध्ये छापून आलं. आवाजांची नक्कल करणाऱ्या पक्ष्यांत कान आणि हालचाल यांची जोडणी पक्की असते म्हणून असं होत असावं असा अंदाज आहे. कुत्रा मात्र ढोलाच्या आवाजाने डोलत नाही, घाबरतो, त्याला विसर्जनाच्या दिवशी आतल्या खोलीत ठेवा.

४. एखादी तान ऐकली की अंगावर काटा येतो, डोळ्यात पाणी येतं. हे नॉर्मल आहे ना?

एकदम नॉर्मल, आणि याच्यावर फार छान काम झालंय. २०११ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या लोकांनी, ज्यांना गाण्याने काटा येतो अशांचे मेंदू स्कॅन केले. काटा येतो त्या क्षणी डोपामिन (मेंदूतलं आनंदाशी जोडलेलं रसायन) सुटतं हे तर दिसलंच, पण ते त्याच्या थोडं आधीही सुटतं, मेंदूच्या दुसऱ्या भागात, म्हणजे "आता येणार, आता येणार" या वाट बघण्यातच अर्धा आनंद असतो. आपल्याकडच्या मैफलीत हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. वसंतराव देशपांडे सभागृहात तबल्याची तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं) सुरू झाली की पब्लिककडे बघा: पहिल्या फेरीत माना थोड्या पुढे येतात, दुसरीला हात मांडीवरून उचलले जातात, आणि तिसरीचा शेवटचा धा समेवर पडला की ते सगळे हात एकदम खाली येतात आणि तोंडातून "वाह" निघतं. कोणी कोणाला खुणावलेलं नसतं. तिहाई बांधणाऱ्यांनी वाट बघायला लावण्याची ही कला कित्येक पिढ्यांआधी कमावली आणि स्कॅन आत्ता आला.

२०१९ मध्ये बार्सिलोनात अजून एक प्रयोग झाला. डोपामिन वाढवणारी लेव्होडोपा गोळी दिली तर लोकांना गाण्यातला आनंद जास्त वाटला, डोपामिनला आडवणारं औषध दिलं तर कमी वाटला. ही लेव्होडोपा म्हणजे कंपवाताच्या (पार्किन्सनच्या) पेशंटला देतात तीच, तो विषय १६ मध्ये येतो.

५. मला गाणी आवडतच नाहीत. घरचे म्हणतात तू दगड आहेस. काही प्रॉब्लेम आहे का माझ्यात?

नाही हो. बार्सिलोनाच्याच संशोधकांनी २०१४ मध्ये अशी माणसं शोधून तपासली, ऐकायला छान येतं, चाल ओळखता येते, पैसे जिंकले की आनंद होतो, फक्त गाण्याने काही होत नाही. ऐकण्याचा भाग आणि आनंदाचा भाग यांच्यातली देवाणघेवाण त्यांच्यात कमी दिसते. शंभरात तीन ते पाच जण असे असतात असा अंदाज आहे. तुम्हाला दुसऱ्या गोष्टींत रस आहे ना, मग झालं. मात्र आधी गाणी आवडायची आणि आता गाणी, जेवण, माणसं काहीच नको वाटून राहिलं, तर ती वेगळी गोष्ट आहे, ६ चा शेवट वाचा.

६. मन उदास असलं की मी अजून दर्दभरी गाणी लावते. याने त्रास वाढतो की कमी होतो?

बहुतेकांना हलकं वाटतं. गाण्यातलं दुःख आपल्या अंगावर येत नाही, त्याला एक सुरक्षित अंतर असतं, आणि आपल्या मनातलं कोणीतरी बरोबर शब्दांत पकडलं की एकटेपणा कमी होतो. गझल ऐकून रडून घेतलं आणि मग उठून भाजी फोडणीला टाकली, तर त्या गाण्याने आपलं काम केलं.

पण गाणं संपल्यावर अजून खाली गेल्यासारखं वाटतंय, तेच गाणं पन्नासदा लावून त्याच विचारात गोल गोल फिरणं चाललंय, झोप उडाली आहे, तर प्लेलिस्ट बदलून भागणार नाही. घरात कोणाशी तरी बोला, डॉक्टरला दाखवा, आणि १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. असं दोन आठवडे चाललं असेल तर वाट बघू नका.

७. एकच ओळ दिवसभर डोक्यात घुमून राहिली आहे, कशी काढू?

लहान, सोप्या चालीचे, पुन्हा पुन्हा येणारे तुकडे अडकतात. मारबतीच्या दिवशी "घेऊन जाय गे मारबत" एकदा कानावर पडलं की पोळा संपला तरी जात नाही, ते यामुळेच. दोन गोष्टी करा. ते गाणं शेवटपर्यंत पूर्ण ऐका, कारण अर्धवट तुकडा जास्त घुमतो असं बऱ्याच जणांना जाणवतं. आणि च्युइंगम चघळा, इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठात २०१५ मध्ये हे करून पाहिलं तेव्हा गाणं डोक्यात येणं कमी झालं, कारण मनातल्या मनात गातानाही आपण तोंडाची यंत्रणा वापरतो आणि ती चघळण्यात गुंतली की गाणं तुटतं.

८. डीजेचा बास छातीत का वाजतो? आणि तो सुरू झाला की लोकं वेड्यासारखी का नाचतात?

खूप खालचे सूर कानापेक्षा शरीराने जास्त जाणवतात, छाती, पोट, कातडी सगळं थरथरतं, आणि कानाच्या आत तोल सांभाळणारा जो भाग आहे त्यालाही ते लागतं असं मानतात. कॅनडात मॅकमास्टर विद्यापीठात २०२२ मध्ये चालू कार्यक्रमात अतिशय खालच्या आवाजाचे स्पीकर मधून मधून सुरू-बंद केले. ते इतके खालचे सूर होते की लोकांना सुरू झाल्याचं कळलंही नाही, तरी ते चालू असताना लोकांची हालचाल जवळपास १२ टक्क्यांनी वाढली. म्हणजे मिरवणुकीतल्या संदलच्या ढोलावर पाय उचलला जातो त्यात तुमचा निर्णय थोडा उशिराच येतो. पण छातीत वाजतोय म्हणजे कानातही तेवढंच जातंय, आता पुढचा प्रश्न नीट वाचा.

९. पथकाच्या सरावानंतर रात्री कानात शिट्टी वाजते, सकाळी थांबते. मग टेन्शन नाही ना?

आहे. मला सगळ्यात जास्त तळमळ याच प्रश्नाची आहे, कारण बाकी कशावर इलाज निघतो, यावर निघत नाही. प्रत्येक कानात साधारण पंधरा हजार केसपेशी असतात, माणसात त्या मेल्या की परत उगवत नाहीत. शिट्टी वाजणं म्हणजे त्या थकल्या, दुखावल्या. सकाळी थांबली म्हणून सगळं पहिल्यासारखं झालं असं धरू नका, दर वर्षी थोडं थोडं जातं आणि पस्तिशीत कळतं की गर्दीत समोरच्याचं बोलणं समजत नाही.

हिशेब असा आहे. ८५ डेसिबल आवाज दिवसाला ८ तास चालतो. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ अर्धी होते, ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. ताशा कमरेला बांधलेला, त्याचा आवाज टोकदार, बाजूला चार ढोल, तिथे १०० सहज ओलांडला जातो, आणि आपण सराव करतो दोन-दोन तास.

मी काय करते ते सांगते. मेडिकलच्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात, स्वस्त असतात. बोटांत गोल गोल फिरवून बारीक वात करायची, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर आणि मागे ओढायचा म्हणजे आतली नळी सरळ होते, वात आत सरकवायची आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायची. नीट बसला की स्वतःचा आवाज डब्यात बोलल्यासारखा येतो. नुसता बाहेर लटकत असेल तर काही उपयोग नाही. कापसाचा बोळा जवळपास काहीच अडवत नाही, त्याच्या भरवशावर राहू नका. प्लग घालून ठेका ऐकू येत नाही अशी तक्रार पहिले दोन दिवस असते, मग अंगातून ठेका जाणवायला लागतो आणि हात चुकत नाही. ध्वजवाले आणि सोबत चालणारे लहान पोट्टे यांना तर आधी द्या, ते तर वाजवतही नाहीत आणि आवाज पूर्ण खातात.

शिट्टी दुसऱ्या दिवशीही राहिली किंवा कान भरल्यासारखा वाटला तर ईएनटीला दाखवा. एका कानाने अचानक ऐकू येणं बंद झालं तर त्याच दिवशी जा, लवकर औषध सुरू झालं तर परत येण्याची शक्यता असते.

इअरफोनचंही हेच गणित, ८० डेसिबलने आठवड्याला ४० तास ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे, म्हणजे मोबाइलच्या आवाजाच्या पट्टीवर साठ टक्क्यांच्या आसपास राहिलात तर बहुतेक वेळा निभतं. आणि शेजाऱ्यांसाठी: २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, राज्य सरकार सणांसाठी वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, आणि सरकारने तसं जाहीर केलं असेल तर दवाखान्याच्या १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र असतं.

१०. जिममध्ये वीस मिनिटांत जीव जातो आणि गरब्यात तीन तास कळत नाही, असं कसं?

एक तर ताल दमल्याची जाणीव कमी करतो, काम तेवढंच होतं पण मेंदूला कमी वाटतं, म्हणून धावणारे गाणी लावतात. दुसरं, सगळ्यांसोबत एकाच तालात हलणं. ब्राझीलमध्ये २०१५ साली शाळेतल्या पोरापोरींना काही गटांत एकसारख्या स्टेपवर आणि काही गटांत वेगवेगळ्या स्टेपवर नाचवलं, आणि दंडाला बीपीचा पट्टा आवळून आधी आणि नंतर किती दाब सहन होतो ते मोजलं. एकसारखं नाचलेल्यांना जास्त सहन झालं आणि आपल्या गटाबद्दल जवळीकही जास्त वाटली. शरीर स्वतःची वेदनाशामकं, म्हणजे एंडॉर्फिन, सोडतं त्याची ही खूण मानतात.

नाचता येत नसेल तर भजन मंडळात बसा, तेही याच जातीचं आहे. स्वीडनमधल्या एका अभ्यासात, २०१३ मधला, सोबत गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके एकत्र कमी-जास्त होताना दिसले, कारण सगळे एकाच ठिकाणी श्वास घेतात आणि लांब ओळीत हळूहळू सोडतात. आपल्या विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर गावंच्या गावं सोबत गायला बसवली, त्यात ताल होता, श्वास होता आणि बाजूचा माणूसही होता. गुरुदेव सेवा मंडळाची प्रार्थना जवळपास कुठे होत असेल तर जाऊन मागच्या रांगेत बसा, आवाज चांगला लागतो का नाही कोणी विचारत नाही.

११. अमुक राग ऐकला की बीपी उतरतं, अमुक रागाने शुगर जाते, असं व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. खरं का?

राग-रोग अशी जी यादी फिरते तिला आधार नाही. गोळी बंद करू नका, हे ठळक समजा.

आता खरं काय ते. लय आणि श्वासाचा संबंध आहे. इटलीत २००६ मध्ये सहा प्रकारचं संगीत ऐकवून श्वास, ठोके, बीपी मोजलं, त्यात आपला संथ रागसुद्धा होता. द्रुत लयीने सगळं वाढलं, संथ लयीने खाली राहिलं, आणि तुम्हाला ते संगीत आवडतं का नाही याने फारसा फरक पडला नाही. सगळ्यात जास्त शांतता मात्र मधे दोन मिनिटं संगीत थांबवलं तेव्हा आली, सुरुवातीला गप्प बसले होते त्यापेक्षाही खाली. म्हणून आलाप ऐका आणि संपल्यावर लगेच दुसरं लावू नका, थोडं तसंच बसा. रागांच्या भावनेवर मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये काम केलं, त्याच रागाचा तालाशिवायचा आलाप आणि तालात बांधलेली गत ऐकवली तर लोकांना जाणवलेली भावना बदलली, आणि कोमल रिषभाचा (उतरलेल्या रे चा) ताणाच्या भावनेशी संबंध दिसला. म्हणजे रागात भाव आहे, लयही तो भाव फिरवते. इन्सुलिन मात्र नाही.

ऑपरेशनच्या वेळची गोष्ट वेगळी. ऑपरेशनच्या आधी-नंतर गाणं ऐकलेल्यांना दुखणं आणि भीती कमी वाटली हे कितीतरी चाचण्या एकत्र करून २०१५ मध्ये दाखवलं गेलं. डॉक्टरला विचारून फोन आणि इअरफोन सोबत न्या.

१२. ४३२ हर्ट्झची, म्हणजे त्या ठराविक कंपनाच्या आकड्याला सूर लावलेली, गाणी मेंदू बरा करतात म्हणतात, मी रोज लावून झोपतो.

झोप लागत असेल तर लावा, पण आकड्यात जादू नाही. आपल्याच संगीताकडे बघा ना, आपल्याकडे सा ठरलेला नसतो. कोणी काळी एकमध्ये गातो, कोणी पांढरी चारमध्ये, बाईचा सा वेगळा, बुवांचा वेगळा, आणि तरी यमन यमनच राहतो. सुरांमधलं नातं ऐकू येतं, सुटा आकडा नाही. तुम्हाला झोप येते ती संथ लय, कमी आवाज आणि रोजची सवय यांनी.

१३. गर्भसंस्काराची गाणी आणि मोझार्ट लावलं तर बाळ हुशार होतं का? पोटावर हेडफोन लावू का?

हेडफोन पोटावर लावू नका, गरज नाही, आणि आत आवाज किती पोचतोय ते बाहेरून कळत नाही. सहाव्या-सातव्या महिन्यापासून बाळाला ऐकू यायला लागतं, आणि सगळ्यात स्पष्ट ऐकू येतो आईचा आवाज, कारण तो आतूनच जातो. आईने शेवटच्या आठवड्यांत रोज मोठ्याने वाचलेला मजकूर जन्मल्यावर बाळ ओळखतं हे १९८६ मध्ये दाखवलंय. मग तुम्हीच गुणगुणा. स्तोत्र म्हणा, अंगाई म्हणा, बेसूर झालं तरी चालतं, त्याला तोच आवाज हवा असतो.

मोझार्टची कथा अशी: १९९३ मध्ये ३६ कॉलेजच्या पोरांना दहा मिनिटं मोझार्टची एक रचना ऐकवली, कागद दुमडून आकार ओळखण्यासारख्या कामात थोडे जास्त मार्क मिळाले, आणि तो परिणाम पंधरा मिनिटांत गेला. त्यात एकही बाळ नव्हतं. पुढे १९९८ मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने नवजात बाळांना सीडी वाटायला बजेटमध्ये पैसे मागितले. नंतर कळलं की आवडीचं, मूड आणणारं काहीही ऐकलं तरी एवढा फरक पडतो.

पोराला क्लास लावायचा तर जरूर लावा, पण गणितात मार्क वाढतील म्हणून नको, तो फायदा नीट तपासला तेव्हा फारसा टिकला नाही. त्याला तबला आवडतो म्हणून लावा. लहानपणापासून वाजवणाऱ्यांच्या मेंदूत दोन बाजूंना जोडणारा पूल जास्त जाड दिसतो, विशेषतः सात वर्षांच्या आधी सुरुवात केलेल्यांत, तेवढं खरं आहे.

१४. पोट्टा कानात गाणी घालून अभ्यास करून राहिला, चालू द्यावं का?

शब्द असलेली गाणी वाचन आणि पाठांतराला आडवी येतात, कारण डोकं एकाच वेळी दोन ठिकाणचे शब्द हाताळतं. गणितं सोडवताना, नकाशे भरताना, वही सजवताना चालतं. बासरी-संतूर हळू आवाजात चालेल. आधी दहा मिनिटं आवडीचं गाणं, मग ते बंद करून अभ्यास, हे मला सगळ्यात बरं वाटतं.

१५. माझं वय ६२. आता नाच शिकून काय होणार?

बरंच काही. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ७५ वर्षांवरच्या ४६९ लोकांवर बरीच वर्षं नजर ठेवली, तो अभ्यास २००३ मध्ये आला, पोहणं-चालणं वगैरे शारीरिक गोष्टींत एकट्या नाचाचा स्मृतिभ्रंश कमी होण्याशी संबंध दिसला. ज्याची तब्येत बरी तोच नाचतो असंही त्यात असू शकतं, म्हणून याला पुरावा म्हणून फार ताणू नये. पण जर्मनीत माग्डेबुर्गला साधारण ६८ वर्षांच्या लोकांचे दोन गट करून दीड वर्ष एकाला नेहमीचा व्यायाम आणि एकाला नाच दिला, नाचात सतत नवीन स्टेप शिकवल्या. आठवणींचा जो भाग असतो, हिपोकॅम्पस, तो दोन्ही गटांत वाढला, पण तोल सांभाळणं फक्त नाचणाऱ्यांत सुधारलं. साठीनंतर तोल म्हणजे काय ते मला विचारा, बाथरूममध्ये पडून खुबा मोडलेले लोक मी रोज बघते.

म्हणून नवीन स्टेप शिका, तेच ते नको. कॉलनीतल्या बायका मिळून फुगडी, टिपऱ्या, लेझीम काहीही. गुडघे दुखत असतील तर उड्या आणि उकिडवं बसणं टाळा, टाइल्सवर अनवाणी पाय आपटू नका, आणि नडगीवर एकाच बिंदूत बोट ठेवलं की कळ निघते असं झालं तर नाच थांबवून दाखवून घ्या, हाडाला बारीक तडा असू शकतो. हे कथक शिकणाऱ्या पोरींनाही लागू.

१६. बाबांना कंपवात आहे, चालता चालता दारात खिळून जातात. टाळ वाजवला की चालतात. हे काय आहे?

तुम्ही घरच्या घरी बरोबर गोष्ट शोधली. चालणं आपोआप चालू ठेवणारा बेसल गँग्लिया (२ मध्ये आला तोच) या आजारात डोपामिन कमी झाल्याने अडखळतो. बाहेरून पक्का ठेका दिला तर हालचाल दुसऱ्या वाटेने सुरू होऊ शकते. ताल देऊन चालवण्याची ही पद्धत जगभर वापरतात, आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये २००१ पासून कंपवाताच्या लोकांसाठी नाचाचे वर्ग चालतात.

आमच्याकडे नागपूरच्या महाल भागातले एक काका यायचे. जुन्या वाड्याचा उंबरा आला की पाय जमिनीला चिकटल्यासारखे, टाचा थरथरायच्या, वरचं अंग पुढे जायचं, आणि मुलगा हात धरून ओढायचा त्याने अजून पडायची भीती. ओढणं बंद केलं. मुलाने बाजूला उभं राहून मांडीवर थाप द्यायची, काकांनी मोठ्याने "एक दोन, एक दोन" म्हणत आधी जागच्या जागी वजन डावी-उजवीकडे टाकायचं, चार मात्रा झाल्या की पुढच्या एकला पाय उंच उचलून उंबऱ्यापलीकडे. काका भजनी होते, पुढे आकडे सोडून विठ्ठल-विठ्ठल म्हणायला लागले, ते जास्त जमलं.

करताना: ठेका साधा ठेवा, त्यांच्या चालीइतका किंवा किंचित जलद. मधे गाळलेल्या मात्रा, अवघड बोल वगैरे नको. एक माणूस कायम बाजूला. गोळीच्या वेळा पाळा. सगळ्यांना सारखा फायदा होतो असं नाही, काहींना आवाजापेक्षा फरशीवरच्या आडव्या पट्ट्या जास्त उपयोगी पडतात.

१७. आईला लकवा झाला, "पाणी" म्हणता येत नाही पण आरती पूर्ण म्हणते. मग ती मुद्दाम बोलत नाही का?

मुद्दाम अजिबात नाही, तिला कृपया असं म्हणू नका. बोलणं रचायचा भाग बहुतेकांत डाव्या बाजूला असतो, तो दुखावला तरी पाठ असलेलं आणि चालीत बांधलेलं वेगळ्या वाटेने बाहेर येऊ शकतं. याच धाग्यावर १९७३ मध्ये अमेरिकेत एक उपचार पुढे आला: रोजचे छोटे शब्द दोन सुरांत गायचे, सोबत डाव्या हाताने टेबलावर थाप, आणि हळूहळू चाल काढत बोलण्याकडे यायचं. "पा-णी-दे" असं गाऊन सुरू करता येतं. पण नुसत्या आरत्या म्हणवून बोलणं परत येत नाही, म्हणून स्पीच थेरपिस्टकडे नक्की न्या, जितकं लवकर तितकं बरं.

१८. आजी कोणाला ओळखत नाही पण जात्यावरच्या ओव्या म्हणते. तिच्यासाठी कोणती गाणी लावू?

तिच्या पंधरा ते पंचविशीतली. त्या वयातली गाणी सगळ्यांच्यात खोल बसतात, आणि अल्झायमरमध्ये ओळखीच्या गाण्यांची आठवण सांभाळणारे भाग तुलनेने उशिरा खराब होतात असं २०१५ मध्ये दिसलं. तेव्हा घरात आकाशवाणी लागायची का, कीर्तनाला जायची का, शेतात रोवणीची गाणी होती का, हे तिच्या बहिणीला, जुन्या शेजारणीला विचारा. संध्याकाळी चिडचिड वाढते त्याच्या अर्धा तास आधी हळू आवाजात लावा, टीव्ही बंद ठेवा, आणि तिच्या सोबत म्हणा, हात हातात घेऊन. याने आजार थांबत नाही. ती संध्याकाळ मात्र शांत जाते. कधी एखाद्या गाण्याने ती घाबरली किंवा फार रडली तर ते गाणं यादीतून काढून टाका.

१९. मला स्टेंट आहे. भाच्याच्या वरातीत नाचू का?

आधी तुमच्या डॉक्टरला विचारा, त्यांना तुमचं हृदय माहीत आहे. एरवी वर्षभर बसून असलेल्या माणसाने मे महिन्यात नागपूरच्या उन्हात, शेरवानी घालून, रिकाम्या पोटी अर्धा तास उड्या मारणं हे हृदयावर अचानक मोठं ओझं आहे, आणि १० मध्ये सांगितलं तसं तालात दमल्याचं कळतच नाही. परवानगी असेल तर महिनाभर आधीपासून रोज चाला, वरातीत एक-दोन गाणी नाचा, बाजूला व्हा, पाणी प्या.

छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, गार घाम, चक्कर आली तर नाच तिथेच थांबवा आणि १०८ लावा. माणूस कोसळला, हलवून जागा होत नाही आणि नीट श्वास नाही, तर बँड बंद करा आणि छातीच्या मधोमध जोरात दाबायला सुरुवात करा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, साधारण वरातीत आपण टाळ्या देतो त्या लयीत, गाडी येईपर्यंत.

२०. गाण्याने फिट येऊ शकते का?

फार क्वचित, पण येऊ शकते. काही लोकांना ठराविक संगीताने फिट येते, एखादं खास गाणं किंवा वाद्य असतं. असं दोनदा जुळून आलं असेल तर कोणतं गाणं, किती वेळाने, काय झालं हे लिहून न्यूरोलॉजिस्टला दाखवा, जमलं तर मोबाइलवर व्हिडिओ. नाचताना लखलखत्या लाइटने येणारी फिट वेगळी, तेव्हा लाइट कारण असतो.

२१. मुलगी कर्णबधिर आहे, शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाचायचं म्हणते. जमेल का?

जमेल, नाही म्हणू नका. ताल कानाशिवायही पोचतो, ८ मध्ये बघितलंच. लाकडी स्टेज असेल तर खालचे सूर पायातून कळतात, सरावाला तिला अनवाणी उभी करा, स्पीकर जमिनीला टेकवून ठेवा, आणि घरी ढोलकी तिच्या दोन्ही हातांत धरायला देऊन दुसऱ्याने वाजवा. कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशनने कानात बसवलेलं ऐकण्याचं यंत्र) असेल तर ठेका बऱ्यापैकी कळतो, सुरांचा चढउतार कमी कळतो, म्हणून सुरावटीपेक्षा ठेका ठसठशीत असलेलं गाणं निवडा. पहिल्या रांगेतल्या एका मुलीला तिची जोडीदार करा, सुरुवातीची खूण तिने द्यायची. आवाज मोठा केला म्हणजे तिला जास्त कळेल असं समजून स्पीकर फुल करू नका, उरलेलं ऐकणंही जपायचं असतं, आणि स्टेजवर बाकीच्या पोरीही असतात.